वाचकांचे प्रश्न : राजा, नाणे आणि लिपी नसलेल्या स्लाव टोळ्यांचा इतिहास

मागील अंकात स्लाव लोकांच्या आरंभकाळावर एक लेख प्रसिद्ध झाला होता. इसवी सनाच्या सहाव्या शतकाआधी ज्यांचा निःसंदिग्ध उल्लेख कोठेही सापडत नाही, ते लोक पुढील दोन-अडीचशे वर्षांत पश्चिमेस एल्ब नदीपासून पूर्वेस नीपरच्या पलीकडे आणि उत्तरेस बाल्टिक किनाऱ्यापासून दक्षिणेस ग्रीसच्या टोकापर्यंत पसरलेले दिसतात, असे त्या लेखात म्हटले होते. त्यावर मराठवाड्याच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या तेरच्या संग्रहालयात रोमशी चाललेल्या व्यापाराची साक्ष देणाऱ्या सातवाहनकालीन वस्तू आहेत. ज्या काळात तेर आणि पैठणचा माल रोमपर्यंत जात होता, त्या काळात हे स्लाव लोक कोठे होते? रोमन लोकांना त्यांची माहिती होती काय? (एक वाचक, तेर, जि. धाराशिव)

पहिल्या शतकाच्या मध्यास एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठण आणि तगर, म्हणजे आपले तेर, या दोन्ही गावांची नावे आहेत. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून साधे कापड व मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदरात उतरत असे, हेही त्यात सांगितले आहे. त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने, इ. स. ९८ च्या सुमारास, टॅसिटस या रोमन इतिहासकाराने जर्मन लोकांविषयीच्या आपल्या ग्रंथात सर्वात पूर्वेकडील टोकाला ‘व्हेनेटी’ नावाच्या लोकांची नोंद केली. त्यांना जर्मनांत धरावे की घोड्यावर आणि गाड्यांत आयुष्य काढणाऱ्या सार्मेशियन लोकांत धरावे, याविषयी त्याचा निश्चय होत नव्हता. ते डोंगर-रानांत लूटमार करीत हिंडतात हे खरे, परंतु ते घरे बांधतात, ढाली बाळगतात आणि पायी चालतात, म्हणून अखेर त्याने त्यांना जर्मनांच्या बाजूला ठेवले. त्याच्याआधी प्लिनीनेही व्हिस्टुला नदीच्या परिसरात याच नावाचे लोक सांगितले आहेत.

हे व्हेनेटी म्हणजेच स्लाव, असे अनेक जुन्या पुस्तकांत ठामपणे लिहिलेले असते. आमच्या मते इतका ठामपणा योग्य नाही. या दोन नावांची सांगड प्रथम घातली ती योर्दानेस या लेखकाने, आणि तीही इ. स. ५५१ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचे इस्तंबूल). टॅसिटस आणि त्याच्यामध्ये साडेचारशे वर्षांचे अंतर आहे. जर्मन लोक आपल्या पूर्वेकडील शेजाऱ्यांना, ते कोणीही असोत, याच धर्तीच्या नावाने हाक मारीत आले होते, त्यामुळे नाव एकच राहिले आणि ते धारण करणारे लोक बदलले, हे पूर्णपणे शक्य आहे.

अधिक भक्कम आधार जमिनीखालचा आहे. आजच्या उत्तर युक्रेनमध्ये आणि त्याला लागून असलेल्या बेलारूस-रशियाच्या भागांत तिसऱ्या ते पाचव्या शतकांतील वस्त्यांचा एक समूह उत्खननांतून समोर आला असून त्याला ‘कीव संस्कृती’ असे नाव दिलेले आहे. हाताने थापलेली साधी मडकी, जमिनीत अर्धवट खणून बांधलेली लहान घरे आणि मृतांचे दहन, हे तिचे विशेष पुढे सहाव्या शतकातील निश्चित स्लाव वस्त्यांतही दिसतात. तिच्या दक्षिणेला गॉथ या जर्मन लोकांच्या वर्चस्वाखालील श्रीमंत प्रदेश होता, जेथे चाकावरची भांडी आणि रोमन नाणी भरपूर सापडतात. तेव्हा आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, सातवाहन राजे आपली नाणी पाडत होते आणि लेण्यांत लेख कोरवत होते त्या काळात स्लावांचे पूर्वज बहुधा नीपर आणि प्रिप्यत नद्यांच्या आसपासच्या वनप्रदेशात राहत होते. त्यांच्यापर्यंत ना रोमन लेखक पोहोचला होता, ना फारसा रोमन माल.

प्रश्न : ते काय पिकवीत होते आणि काय खात होते? लेखात युद्धांविषयी पुष्कळ आहे, शेतीविषयी काहीच नाही. (निवृत्त कृषी सहायक, परभणी)

आपली तक्रार रास्त आहे, कारण या लोकांना समजून घ्यायचे तर तलवारीपेक्षा धान्याकडे आधी पाहावे लागते. इ. स. ६०० च्या सुमारास बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन, साम्राज्यात सेनापतींसाठी युद्धशास्त्राचे एक पुस्तक तयार झाले. सम्राट मॉरिसच्या नावावर ते ओळखले जाते. त्यात स्लाव लोकांशी कसे लढावे यावर एक पूर्ण प्रकरण आहे, आणि शत्रूचा मुलूख लुटायचा असल्याने लेखकाने त्यांच्या कोठारांची माहिती बारकाईने दिली आहे. त्यांच्याकडे गुरेढोरे विपुल असतात, धान्याच्या राशी रचून ठेवलेल्या असतात आणि त्यांत मुख्यतः दोन भरड धान्ये असतात, असे तो लिहितो. अभ्यासकांच्या मते त्यांतील एक आपल्या वरीच्या जातीचे, तर दुसरे म्हणजे राळा. ज्वारी-बाजरीचा तेथे प्रश्नच नव्हता, कारण ती उष्ण प्रदेशाची पिके आहेत. वरीचे पीक मात्र पेरल्यापासून दोन-तीन महिन्यांत हाती येते. रानातली झाडे तोडून, जाळून मोकळ्या केलेल्या नव्या जमिनीतही ते येते आणि साठवणीतही टिकते. ज्यांना काही वर्षांनी जमिनीचा कस संपला की पुढे सरकायचे असते आणि ज्यांच्यावर अधूनमधून परक्या फौजा चालून येतात, त्यांच्यासाठी याहून सोयीचे पीक दुसरे नव्हते.

दहाव्या शतकात स्पेनमधील तोर्तोसा या गावचा इब्राहीम इब्न याकूब नावाचा ज्यू प्रवासी मध्य युरोपात फिरला. त्याचे निवेदन अकराव्या शतकातील अल-बक्री या अरबी भूगोलकाराच्या ग्रंथात जतन झाले आहे. स्लाव लोक वर्षातून दोन हंगामांत पेरणी करतात, दोन पिके काढतात आणि त्यांत बहुतांश भरड धान्य असते, असे तो सांगतो. त्याच्यापुढचे त्याचे विधान मराठवाड्यातल्या माणसाने थांबून वाचावे असे आहे. या लोकांच्या देशात दुष्काळ पडतो तो पाऊस न झाल्यामुळे नव्हे, तर अति पावसामुळे आणि सततच्या ओलीमुळे. अवर्षणाची त्यांना भीती वाटत नाही, कारण जमिनीत ओल आणि हवेत गारवा इतका असतो की कोरडे वर्ष त्यांचे फारसे बिघडवू शकत नाही. ज्या शेतकऱ्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला किंवा त्याविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले, त्याला या एका वाक्यावरून ती दलदलीची, धुक्याची आणि घनदाट रानांची भूमी किती वेगळी होती, हे कळेल. स्लाव लोक भटके पशुपालक होते, ही समजूतही या वर्णनांपुढे टिकत नाही. ते खेडी करून राहणारे शेतकरी होते. त्यांच्या घरात एका कोपऱ्यात दगडाची किंवा मातीची भट्टी असे, आणि उत्खननात घराचा आडाखा बऱ्याचदा त्या भट्टीवरूनच लागतो.

प्रश्न : स्लावांची मूळ भूमी कोणती याविषयी पोलंड, युक्रेन, रशिया अशा निरनिराळ्या देशांतील विद्वानांची निरनिराळी मते असल्याचे वाचनात येते. आज नेमके काय मानले जाते? (इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

या प्रश्नावर विसाव्या शतकात जितके लिहिले गेले त्यांतील बराच भाग संशोधनापेक्षा सीमांच्या भांडणासाठी लिहिला गेला, ही खेदाची गोष्ट आहे. गुस्ताफ कोसिना या जर्मन पुरातत्त्वज्ञाचे प्रतिपादन असे होते की, एका प्रकारची भांडी जेथे सापडतात तेथे एक विशिष्ट वंश राहत होता असे समजावे. या न्यायाने त्याने पोलंडचा मोठा भाग प्राचीन जर्मनांचा ठरवला. त्याला उत्तर म्हणून युझेफ कोस्त्झेव्स्की या पोलिश विद्वानाने त्याचीच पद्धत उलटी लावली, आणि १९३३ मध्ये उजेडात आलेली बिस्कुपिन येथील लोहयुगीन लाकडी तटबंदीची वस्ती ही स्लाव पूर्वजांचीच, असे मांडले. बिस्कुपिनचे घर आणि सहाव्या शतकातील स्लाव घर यांत हजाराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडच्या सीमा पश्चिमेकडे सरकल्या तेव्हा हा सिद्धांत शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोहोचला.

त्याला पहिला मोठा धक्का पोलंडमधूनच बसला. काझिमिएझ गोडवोव्स्की यांनी पुराव्यांची काटेकोर कालगणना करून दाखवले की, पाचव्या शतकात पोलंडमधील जुन्या वस्त्या विरळ होत गेल्या आणि त्यानंतर आलेली साधी हातघडणीची भांडी, खोलगट घरे व दहनविधी ही जुन्यातून उगवलेली नसून पूर्वेकडून आलेली आहेत. या भांड्यांचा प्रकार इव्हान बोर्कोव्स्की यांनी १९४० मध्ये प्रथम वेगळा ओळखला आणि त्याला ‘प्राग’चे नाव दिले. त्याच्या सर्वात जुन्या खुणा मात्र प्रागजवळ नव्हे, तर पश्चिम युक्रेन आणि प्रिप्यतच्या दक्षिणेस आहेत. भाषाभ्यासकांनी दिलेला एक पुरावाही याच दिशेने जातो : मध्य युरोपात सर्वत्र आढळणारा ‘बीच’ हा वृक्ष पूर्वेकडे एका मर्यादेपलीकडे उगवत नाही, आणि स्लाव भाषांतील त्याचे नाव जर्मन भाषांकडून घेतलेले आहे.

याच्या विरुद्ध बाजूने २००१ मध्ये फ्लोरिन कर्टा यांनी असे मांडले की, ‘स्लाव’ नावाचे लोक कोठून तरी निघून आले अशी कल्पनाच सोडून द्यावी. डॅन्यूबच्या उत्तर तीरावरील निरनिराळ्या गटांना बायझंटाईन साम्राज्याच्या दबावाखाली एक ओळख मिळाली, आणि ती ओळख घडवण्यात साम्राज्याच्या लेखकांचा व किल्ल्यांचा वाटा मोठा होता, असे त्यांचे म्हणणे होते. हे मत अनेक वर्षे प्रभावी राहिले.

स्थलांतर झाले की नाही, याचा निवाडा मडक्यांवरून होईना. सांगाड्यांवरूनही तो फार काळ होऊ शकला नाही, कारण आरंभीचे स्लाव मृतांना जाळत असत आणि जळलेल्या हाडांतून आनुवंशिक माहिती मिळत नाही. ज्या काळाविषयी सर्वाधिक वाद होता त्याच काळाचे सांगाडे उपलब्ध नव्हते. २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ही कोंडी फोडली. त्यात ५५५ प्राचीन व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास असून त्यांतील ३५९ नमुने सातव्या शतकापासून पुढच्या स्लाव दफनभूमींतील आहेत, म्हणजे दहनाची प्रथा ओसरू लागल्यानंतरचे. निष्कर्ष स्पष्ट आहे : सहाव्या ते आठव्या शतकांत पूर्व युरोपातून मोठ्या संख्येने माणसे आली, आणि पूर्व जर्मनी, पोलंड व क्रोएशिया या भागांत जुन्या लोकसंख्येच्या आनुवंशिक वारशापैकी ८० टक्क्यांहून अधिक जागा नव्या लोकांनी घेतली. त्यांचे मूळ दक्षिण बेलारूस ते मध्य युक्रेन या पट्ट्याशी सर्वाधिक जुळते. आम्हांला यातील सर्वात महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. आलेल्यांत केवळ पुरुष नव्हते. स्त्रिया आणि पुरुष सारख्याच प्रमाणात आले, म्हणजे फौजा नव्हे, तर कुटुंबे आली.

असे असले तरी कर्टा यांचा इशारा निकालात निघाला असे समजू नये. माणसे कोठून आली हे हाडे सांगतात. ती स्वतःला काय म्हणवत होती, हे त्यांतून कळत नाही.

प्रश्न : ज्यांना राजा नव्हता, घोडदळ नव्हते, त्यांनी एवढा मुलूख कसा व्यापला? (निवृत्त मुख्याध्यापक, नांदेड)

प्रोकोपियस हा सम्राट जस्टिनियनच्या काळातील इतिहासकार सहाव्या शतकाच्या मध्यास लिहितो की, स्लाव आणि त्यांचे भाऊबंद अँटी हे एका माणसाच्या सत्तेखाली नसतात, फार पूर्वीपासून लोकसत्तेने राहतात, आणि म्हणून बरे-वाईट सर्व काही ते सर्वांसमोर मांडून ठरवतात. त्यांची घरे हलकीसलकी आणि एकमेकांपासून दूर असतात व ते वस्ती वारंवार बदलतात. लढाईला बहुतेक जण पायी जातात, हातात लहान ढाल आणि भाले, अंगात चिलखत नाही. हे वर्णन शत्रूचे आहे, त्यामुळे त्यात तुच्छता आहे, पण याच उणिवांत त्यांच्या प्रसाराचे कारण दडलेले आहे. ज्यांना राजधानी नाही त्यांची राजधानी घेता येत नाही, आणि ज्यांना एक राजा नाही त्यांच्याशी तह करून प्रश्न संपवता येत नाही. वर उल्लेखिलेल्या युद्धशास्त्राच्या पुस्तकाचा लेखक नेमका याच अडचणीने त्रस्त दिसतो. स्लावांच्या घरांना अनेक बाजूंनी बाहेर पडायच्या वाटा असतात, मौल्यवान वस्तू ते पुरून ठेवतात, आणि संकट आले तर पोकळ बोरू तोंडात धरून नदीच्या तळाशी उताणे पडून राहतात, असे तो सांगतो. त्याचा सल्ला असा की, त्यांच्यावर हिवाळ्यात चालून जावे, कारण तेव्हा नद्या गोठलेल्या असतात आणि झाडांना पाने नसल्याने लपायला जागा राहत नाही.

याच पुस्तकातील दुसरी एक नोंद आम्हांला निर्णायक वाटते. इतर लोक युद्धकैद्यांना जन्मभर गुलाम ठेवतात, स्लाव तसे करीत नाहीत. ते एक मुदत ठरवतात, आणि ती संपली की कैद्याला दोन पर्याय देतात : ठरलेली अल्प रक्कम देऊन घरी परत जावे, किंवा त्यांच्यातच स्वतंत्र माणूस आणि मित्र म्हणून राहावे. पिढ्यान्‌पिढ्या असे चालले तर तो समाज जन्माने आपला नसलेल्यांनाही सामावून घेत वाढत जातो. बाल्कन प्रदेशात अनेक ठिकाणी जुन्या रहिवाशांचा वारसा पोलंडपेक्षा अधिक टिकलेला दिसतो, त्यामागे अशा मिसळण्याचा भाग असला पाहिजे.

बाहेरची परिस्थितीही अनुकूल होती. हूणांच्या स्वाऱ्यांनंतर गॉथ आणि इतर जर्मन लोक पश्चिमेकडे व दक्षिणेकडे निघून गेले आणि मध्य युरोपातील मोठमोठे पट्टे ओस पडले. ५३६ नंतर ज्वालामुखींच्या उद्रेकांमुळे काही वर्षे हवामान विलक्षण थंड झाले, आणि ५४१ पासून प्लेगने बायझंटाईन साम्राज्याची माणसे व महसूल दोन्ही खाल्ले. जस्टिनियनने डॅन्यूबच्या सीमेवर शेकडो किल्ले बांधले किंवा दुरुस्त केले, पण त्यांत ठेवायला सैनिक पुरेनात.

याच सुमारास पूर्वेकडून आव्हार हे घोडेस्वार लोक आले. ५५८ मध्ये त्यांचे दूत कॉन्स्टँटिनोपलला पोहोचले आणि दहा वर्षांत ते हंगेरीच्या मैदानाचे मालक झाले. त्यांच्या प्रमुखाने खंडणी मागितली तेव्हा दौरितास या स्लाव नायकाने दिलेले उत्तर मेनांदर या इतिहासकाराने नोंदवले आहे. आमची सत्ता ज्याच्या हाती जाईल असा कोण माणूस सूर्याखाली जन्मला आहे, दुसऱ्यांची भूमी घेण्याची आम्हांला सवय आहे, आपली देण्याची नाही, आणि जगात युद्धे व तलवारी आहेत तोवर हे असेच राहील, असा त्याचा आशय आहे. आव्हारांचे दूत त्या भांडणात मारले गेले आणि नंतर आव्हारांनी सूडही घेतला. पुष्कळ स्लाव त्यांचे अंकित झाले. फ्रेडेगारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्रँकिश (आजच्या फ्रान्स व पश्चिम जर्मनीत राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांच्या) बखरीत म्हटले आहे की, लढाईत स्लावांना पुढे केले जाई आणि आव्हार मागे राहून लुटीच्या वेळी पुढे येत. ६२६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला वेढा पडला तेव्हा समुद्राच्या बाजूने एकाच खोडातून कोरलेल्या होड्यांत बसून लढले आणि बुडाले ते स्लावच होते.

याच दडपणातून पहिले स्लाव राज्य निर्माण झाले, आणि त्याचा राजा स्लाव नव्हता. सामो हा फ्रँक व्यापारी ६२३ च्या सुमारास व्यापारासाठी आला, आव्हारांविरुद्धच्या बंडात सामील झाला आणि त्याचे शौर्य पाहून लोकांनी त्यालाच राजा केले. त्याने ३५ वर्षे राज्य केले, १२ स्लाव बायका केल्या आणि त्याला २२ मुलगे व १५ मुली झाल्या, असे तीच बखर सांगते. ६३१ च्या सुमारास व्होगास्टिसबर्ग येथे त्याने फ्रँक राजा डॅगोबर्टच्या सैन्याला परतवून लावले. त्याच्या मृत्यूनंतर त्या राज्याचे पुढे काय झाले ते कोणत्याही बखरीत नाही.

दक्षिणेकडे ग्रीसमधील थेसालोनिकी शहराला अनेकदा वेढे पडले. त्या शहराच्या संत देमेत्रियसच्या चमत्कारांचा जो ग्रंथ आहे, त्यात ड्रोगुबिते, सागुदाते, वेलेगेझिते अशी टोळ्यांची नावे येतात. त्याच ग्रंथात असेही आहे की, ६७७ च्या सुमाराच्या वेढ्यात उपासमार होऊ लागली तेव्हा शहरातील लोक धान्य विकत घ्यायला वेलेगेझिते टोळीकडेच गेले, आणि तिने ते दिले. एक टोळी वेढा घालते आहे आणि दुसरी धान्य विकते आहे, यावरून ‘स्लावांचे आक्रमण’ हा शब्दप्रयोग किती ढोबळ आहे ते लक्षात यावे.

प्रश्न : रशिया-युक्रेनकडील टोळ्यांची नावे कोणती? (कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थी, हिंगोली)

बाराव्या शतकाच्या आरंभी कीव येथे संकलित झालेल्या बखरीत ती दिली आहेत. कीवच्या परिसरात पोलियान, त्यांच्या पश्चिमेस रानात द्रेव्ल्यान, पूर्वेस सेव्हेर्यान, प्रिप्यतच्या दलदलीकडे द्रेगोविची, स्मोलेन्स्क व पोलोत्स्ककडे क्रिविची, ओका नदीवर व्यातिची, आणि उत्तरेस इल्मेन सरोवराभोवती स्लोव्हेन ही त्यांतील मुख्य होत. बखरकार कीवचा असल्याने पोलियान त्याला सभ्य आणि शांत वाटतात, तर द्रेव्ल्यान जनावरांसारखे राहणारे वाटतात. हे वाचताना ९४५ मध्ये द्रेव्ल्यानांनी कीवचा राजा इगोर याला दुसऱ्यांदा खंडणी मागायला आल्यावरून ठार केले आणि त्याची विधवा ओल्गा हिने त्यांचा भयंकर सूड घेतला, हे ध्यानात ठेवावे. पराभूतांचे चित्र जेत्यांच्या शहरात रंगवले गेले आहे.

प्रश्न : स्लाव लोक भारतातून गेले आणि त्यांचा देव पेरून म्हणजे आपला इंद्रच, असा मजकूर समाजमाध्यमांवर फिरतो. त्यात तथ्य आहे काय? (एक वाचक, लातूर)

भारतातून गेले, यात तथ्य नाही. वर सांगितलेला आनुवंशिक पुरावा नीपरच्या परिसराकडे बोट दाखवतो. स्लाव भाषा आणि संस्कृत यांचे नाते मात्र खरे आहे, कारण दोन्ही एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या आहेत. एकाच पणजोबाची पणतवंडे निरनिराळ्या गावी नांदावीत, त्याप्रमाणे हे आहे. कोणी कोणाच्या घरून निघालेले नाही. स्लावांचे सर्वात जवळचे नातलग लिथुआनिया-लाटव्हियाचे बाल्टिक लोक असून त्यांचा विजेचा देव पेर्कूनास हा पेरूनचा खरा सख्खा आहे. प्रोकोपियसनेही स्लाव लोक विजेच्या कर्त्याला सर्वांचा एकच स्वामी मानतात, त्याला बैल बळी देतात आणि नद्यांना व जलदेवतांनाही भजतात, असे लिहिले आहे. ९७१ मध्ये बायझंटाईन साम्राज्याशी केलेल्या तहात रूस, म्हणजे कीवच्या राज्याच्या, योद्ध्यांनी पेरून आणि गुरांचा देव व्होलोस यांच्या नावाने शपथ घेतली. इंद्राशी साम्य दिसते ते मेघगर्जनेच्या देवाची कल्पना अनेक समाजांत असल्यामुळेही असू शकते. एवढ्यावरून प्रवासाचा मार्ग आखू नये.

प्रश्न : त्यांना लिपी केव्हा मिळाली? (मराठीच्या शिक्षिका, अंबाजोगाई)

८६३ मध्ये मोराव्हियाचा (आजच्या चेक-स्लोव्हाक प्रदेशातील राज्याचा) राजा रास्तिस्लाव याच्या विनंतीवरून बायझंटाईन सम्राटाने कॉन्स्टंटाईन (पुढे सिरिल) आणि मेथोडियस या दोन भावांना तिकडे पाठवले. निघण्यापूर्वी सिरिलने स्लाव भाषेसाठी ग्लागोलिटिक ही स्वतंत्र लिपी तयार केली होती. आज रशियन, युक्रेनियन, बल्गेरियन आणि सर्बियन भाषा ज्या लिपीत लिहिल्या जातात ती सिरिलिक त्याने स्वतः तयार केलेली नसून थोड्या नंतर बल्गेरियात ग्रीक अक्षरांवरून घडली. हे दोन्ही भाऊ थेसालोनिकीचे होते. ज्या शहराने स्लावांचे वेढे सोसले, त्याच्या भोवतीच्या खेड्यांत दोनशे वर्षांनी स्लाव भाषा इतकी रुळली होती की, सर्व थेसालोनिकीकर शुद्ध स्लाव भाषा बोलतात, असे मेथोडियसच्या चरित्रात बायझंटाईन सम्राट म्हणतो. त्याआधी काय होते, तर साधू ख्राब्र नावाच्या जुन्या लेखकाच्या शब्दांत, स्लावांकडे ग्रंथ नव्हते, रेघा आणि खाचा यांच्या साहाय्याने ते मोजत आणि शकुन पाहत असत. आपल्याकडे मुकुंदराजांनी मराठीत ग्रंथरचना केली असे परंपरा मानते त्याच्याही आधी सुमारे तीनशे वर्षे स्लाव भाषेत बायबलचे भाग उतरले होते. त्यांनी प्रथम अनुवाद केला आणि स्वतंत्र रचना पुढे आली, हा क्रम मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने पाहण्यासारखा आहे.

प्रश्न : एल्ब नदीपर्यंत स्लाव पोहोचले होते, तर आज जर्मनीत ते का दिसत नाहीत? (एक वाचक, जालना)

एल्ब आणि ओडर या नद्यांच्यामध्ये ओबोद्रित, वेलेती आणि सोर्ब अशा टोळ्या होत्या. ९८३ मध्ये वेलेतींच्या वारसांनी, लुतिचींनी, मोठे बंड करून जर्मन बिशपांची ठाणी उद्ध्वस्त केली आणि पुढची जवळजवळ दीडशे वर्षे आपला धर्म राखला. ११६८ मध्ये डेन्मार्कचा राजा व्हाल्डेमार आणि बिशप अबसालोन यांनी र्‍युगेन बेटावरील आर्कोना येथील स्वान्तेवित या चार मस्तकांच्या देवाची मूर्ती तोडली, आणि त्यानंतर या प्रदेशात जर्मन वसाहतदार झपाट्याने आले. एल्बच्या पश्चिम तीरावर, हॅनोव्हरच्या मुलखात, तेथील स्लाव बोली अठराव्या शतकापर्यंत शिल्लक होती. योहान पारुम शुल्ट्झ नावाच्या एका शेतकऱ्याने तिचे शब्द लिहून ठेवले म्हणून ती आज अभ्यासता येते. सर्व मात्र नाहीसे झाले नाहीत. बाउत्सेन आणि कॉटबुस या शहरांच्या परिसरात सोर्ब लोक आजही आपल्या दोन भाषा बोलतात, तेथे गावांच्या पाट्या दोन भाषांत लावलेल्या असतात आणि सोर्ब भाषेत शिकवणाऱ्या शाळा चालतात.